मवाळ श्रद्धाळूंवर कडव्यांची जबाबदारी येते का?

खडीसाखर:
धर्माच्या नावाने कुठे हिंसा झाली की दोन वाक्यं ठरलेली. एक, 'तुमच्यातले बाकीचे गप्प का?' दुसरं, 'त्याचा आमच्या धर्माशी काही संबंध नाही.' दोन्ही सोयीची. पहिलं कोट्यवधी माणसांना एका दमात आरोपी करतं. दुसऱ्यामुळे कडव्यांनी ज्या ग्रंथाचा, ज्या पीठाचा, ज्या वर्गणीचा आधार घेतला तिकडे कुणी बघायलाच नको.

देवळात, मशिदीत, चर्चमध्ये निमूट जाऊन येणारा माणूस आपल्या धर्मातल्या कडव्यांना नेमका कशाने हातभार लावतो? नुसत्या श्रद्धेने, की आणखी कशाने? ठोस उदाहरणं हवीत, कुठल्याही धर्माची चालतील. 'सगळे धर्म शांतीच शिकवतात' आणि 'सगळे धर्म सारखेच वाईट' या प्रतिसादांसाठी इथे इतर धागे भरपूर आहेत.

तळटीप:
आधी 'जबाबदारी' या शब्दाची फोड करू, नाहीतर शंभर प्रतिसाद होतील आणि गाडी तिथेच. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी दोषाचे चार प्रकार वेगळे केले होते: फौजदारी, राजकीय, नैतिक आणि ज्याला त्यांनी पारमार्थिक म्हटलं तो (दुसऱ्यांवर अन्याय झाला आणि आपण मात्र जगलो, याचा). फौजदारी दोष कृत्य करणाऱ्याचा, निवाडा कोर्टाचा. राजकीय दोष सगळ्या नागरिकांवर येतो, कारण सत्ता त्यांच्या नावाने चालते. नैतिक दोष ज्याचा त्याने तपासायचा, तो समूहावर लादता येत नाही. आपल्याकडच्या वादात नैतिक दोष समूहावर लादला जातो आणि राजकीय दोषाचं कुणी नाव काढत नाही. म्हणजे बरोबर उलटं.

धर्मसंस्थेतला 'राजकीय' दोष म्हणजे काय, तर जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चच्या निवडणुका बघा. २३ जुलै १९३३ ला साध्या सभासदांनी मतदान केलं. नाझींच्या बाजूच्या 'जर्मन ख्रिस्ती' गटाला सुमारे दोन तृतीयांश मतं पडली. आदल्या दिवशी हिटलरने रेडिओवरून त्या गटाची तरफदारी केली होती. सप्टेंबरमध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या चर्चने यहुदी वंशाच्या पाद्र्यांना वगळणारा नियम स्वीकारला. मत देणाऱ्यांत कडवे थोडे असतील, पण 'देशात नवा उत्साह आहे, आपणही मागे नको' म्हणणारे पुष्कळ होते. इथे हातभार श्रद्धेचा नाही, मतपत्रिकेचा आहे.

आणि विरोध कुठे जागा झाला तेही बघण्यासारखं आहे. बर्लिनचे पाद्री मार्टिन नीमोलर यांच्या पुढाकाराने पाद्र्यांचा संघ त्या नियमाविरुद्ध उभा राहिला, हे खरं. पण 'जर्मन ख्रिस्ती' गटाला मोठी गळती लागली ती १३ नोव्हेंबरच्या बर्लिनच्या सभेनंतर, जिथे एका वक्त्याने बायबलमधला जुना करारच काढून टाकायची मागणी केली. सहकाऱ्याला बाहेर काढलं ते पचलं, ग्रंथाला हात घातला तेव्हा खुपलं.

आडवाट:
तळटीप यांचं उदाहरण चांगलं आहे, पण तिथे हुकूमशाही होती ही पळवाट राहते. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट चर्चला तीही नाही. तिथे सभा होत्या, ठराव होते, मतदान होतं, आणि सगळं शतकभर सावकाश घडलं.

१८५७ मध्ये केपच्या धर्मसभेपुढे प्रश्न आला: काही गोरे सभासद काळ्या आणि मिश्रवंशीय ख्रिस्ती लोकांबरोबर एकत्र उपासना करायला तयार नाहीत, काय करायचं? सभेने सरळ 'वेगळं करा' म्हटलं नाही. ठराव असा: एकत्र उपासना हेच शास्त्राला धरून आहे, पण 'काहींच्या दुर्बलतेमुळे' अडचण होत असेल तिथे वेगळी सोय करावी. तत्त्व पहिल्या अर्ध्या वाक्यात शाबूत आणि व्यवहार दुसऱ्या अर्ध्यात उलटा. १८८१ मध्ये मिश्रवंशीयांसाठी वेगळं चर्चच निघालं. पुढे अपवादाचा नियम झाला, नियमाला बायबलचे दाखले शोधून जोडले गेले, आणि १९४८ मध्ये वर्णभेदाचं धोरण घेऊन पंतप्रधान झालेले मलान हे याच चर्चचे माजी पाद्री होते. 'काहींना' दुखवायला नको म्हणून दिलेली सूट हीच पुढे सगळ्या इमारतीची वीट ठरली, आणि ती सूट देणारे मवाळच होते.

दुसरी संधी १९६० ची. २१ मार्चला शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी ६९ माणसं मारली. डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गमध्ये कॉटस्लो इथे चर्चांची बैठक झाली. मिश्रविवाहांच्या बंदीला शास्त्रात आधार नाही, वर्णावरून कुणालाही चर्चबाहेर ठेवता येत नाही, असं निवेदन निघालं. डच रिफॉर्म्ड चर्चच्या केप आणि ट्रान्सवाल या प्रांतांतल्या प्रतिनिधींचा त्याला पाठिंबा होता. पंतप्रधान फेरवुर्ट यांनी नाराजी दाखवली आणि पुढच्या धर्मसभांनी आपल्याच प्रतिनिधींचं निवेदन फेटाळलं. प्रतिनिधींपैकी बायर्स नाउडे मागे हटले नाहीत. १९६३ मध्ये त्यांनी ब्रूडरबाँड ही गुप्त संघटना सोडली, वेदी सोडली, आणि १९७७ ते १९८४ त्यांच्यावर सरकारी बंदी होती.

मग बदललं कशाने? १९८२ मध्ये ओटावाला रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघटनेने वर्णभेदाला धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड ठरवून या चर्चचं सभासदत्व स्थगित केलं. बाहेरच्या नास्तिकांनी शिव्या घातल्या असत्या तर काही हललं नसतं. स्वतःच्याच पंथाने पंगतीतून उठवलं तेव्हा हललं. १९८६ मध्ये सभासदत्व सगळ्या वंशांना खुलं झालं. लगेच १९८७ मध्ये कडवे फुटून निघाले आणि त्यांनी वेगळं चर्च काढलं. मवाळ नेहमी भितात ते याच फुटीला. भीती खोटी नसते, पण त्या फुटीने चर्च बुडालं नाही.

पाणवठा:
वरचे दोघे पाद्री आणि प्रतिनिधींबद्दल बोलत आहेत. सामान्य माणसाची किंमत कुणी मोजलीच नाही.

मुंबईचंच उदाहरण घ्या. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने जातीतून किंवा पंथातून बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरांच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिलं, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द ठरवला. सरन्यायाधीश सिन्हा यांचं मत विरुद्ध होतं. तिथे प्रश्न हिंसेचा नव्हता. पण वेगळं बोलण्याची किंमत कशी वसूल होते याची यंत्रणा त्यात स्वच्छ दिसते: लग्न, दफनभूमी, धंद्यातली नाती, जमातखान्याची दारं. कोकणातली गावकी, कितीतरी जातपंचायती, सगळीकडे हत्यार तेच. 'मवाळ गप्प का' याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अडतं पुराव्यावर. बहिष्कार तोंडी असतो, ठराव कागदावर नसतो, आणि साक्षीदार त्याच गावात राहणार असतो.

कधी किंमत जिवाची असते. अकाली दलाचे मवाळ नेते संत हरचंदसिंग लोंगोवाल यांनी २४ जुलै १९८५ ला राजीव गांधींशी पंजाबबद्दल करार केला. २० ऑगस्टला, महिनाही व्हायच्या आत, गुरुद्वाऱ्यात त्यांची हत्या झाली. तेव्हा घरात बसून 'निषेध का नाही केला' विचारणाऱ्याने जरा जपून.

दप्तरी:
सगळं पटलं, पण धागाकर्त्याने 'कशाने' विचारलं आहे. कायद्याने याचं बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर दिलंय.

धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा, १९८८. पंजाबातल्या दहशतवादाच्या पार्श्वभूमीवर झालेला आणि सगळ्या धर्मांना लागू. आवारात शस्त्रं साठवणं, गुन्हेगाराला आसरा देणं, राजकीय कामासाठी जागा किंवा पैसा वापरणं, तेढ वाढवणं हे सगळं बंद. भंग झाला तर व्यवस्थापक आणि त्या कृत्याशी संबंध असलेले, यांना पाच वर्षांपर्यंत कैद. पोलिसांना कळवण्याचं कर्तव्यही व्यवस्थापकावर आहे. भाविकावर नाही. किल्ली ज्याच्या हातात, त्याच्यावर भार.

भाविकाच्या हातात काय, ते महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात बघा. कलम २(१०) नुसार देवळात पूजेला नेमाने येणारासुद्धा 'हितसंबंधी व्यक्ती' ठरतो. म्हणजे देणगीची मोठी पावती किंवा सभासदत्व नसलं तरी धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करायचा त्याला अधिकार आहे. क्रम साधा आहे. संस्थेचा नोंदणी क्रमांक पावतीवर बघा. त्यावरून धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा मागवा: विश्वस्त कोण, मिळकत काय, उद्देश काय. मग लेखापरीक्षण झालेले हिशेब बघा. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत कळवावं लागतं (कलम २२). पुष्कळ संस्थांत ते वर्षानुवर्षं लटकलेलं असतं, आणि नेमक्या त्या फटीतून नवी मंडळी ताबा घेतात. उत्सवाची तात्पुरती वर्गणी असेल तर कलम ४१क ची परवानगी विचारा. वक्फ मिळकतींचा कायदा आणि मंडळ वेगळं, तिथे हा मार्ग नाही.

तक्रार बाद होते ती मोघमपणामुळे. 'वातावरण बिघडवतात' असं लिहू नका. अमुक तारखेला, अमुक सभागृहात, अमुक संघटनेचा कार्यक्रम, भाडं किती, कुठल्या खात्यात जमा, संस्थेच्या उद्देशात हे बसतं का, असं लिहा. दोघा-तिघांच्या सह्या असल्या तर बरं. एकट्याची सही म्हणजे 'भावकीतला वाद' असा शेरा ठरलेला.

खडीसाखर:
दप्तरी, म्हणजे दानपेटीत दहा रुपये टाकणाऱ्यावरही जबाबदारी आली म्हणायची?

दप्तरी:
दहा रुपयांची नाही हो. पण पाच वर्षं वार्षिक सभेची नोटीस घरी येते आणि कुणी फिरकत नाही, म्हणून गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग हजर असलेले सात जण कार्यकारिणी ठरवतात. त्या अर्ध्या तासाची जबाबदारी आहे.

आडवाट:
यात एक भर. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषण केलं, त्याआधी कित्येक महिने महाराष्ट्रभर हिंडून ते देवळं आणि पाणवठे खुले करायला सांगत होते. ते श्रद्धाळूच होते आणि श्रद्धाळूंशीच बोलत होते. उपोषण लक्षात राहतं, दौरा नाही.