मदत हवी आहे: केबल नेटचा डाऊनलोड व्यवस्थित, अपलोड मात्र मुंगीच्या गतीने

बेळगावात शहापूर भागात राहतो. घरी केबलवाल्याचं नेट आहे, टीव्हीच्या कोॲक्स वायरवरचं, फायबर नव्हे. प्लॅन ५० डाऊनलोड, १० अपलोड. डाऊनलोड ४७-४८ मिळतो, अपलोड अर्ध्या एमबीपीएसच्या वर जात नाही. मीटिंगमध्ये मला सगळ्यांचं ऐकू येतं, माझं मात्र कुणालाच नाही.

वायफायचा प्रश्न नाही. राऊटर बाजूला काढून लॅपटॉप थेट मॉडेमला जोडून पाहिला, दुसरा लॅपटॉपही लावला, फरक शून्य. मोबाईलचा फोटो बॅकअपही बंद केला. मॉडेम डॉक्सिस ३.० (केबल नेटचं तांत्रिक मानक) आहे. त्याच्या पानावर (१९२.१६८.१००.१) डाऊनस्ट्रीम (घराकडे येणाऱ्या सिग्नलची) पॉवर +२, एसएनआर (सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण) ३७, म्हणजे ठीक. पण अपस्ट्रीम पॉवर, म्हणजे मॉडेमला किती जोर लावून सिग्नल पाठवावा लागतो ते, ५६ डीबीएमव्ही (सिग्नलच्या जोराचं एकक) होती! टीव्हीचा स्प्लिटर (एका वायरीच्या दोन करणारा जोड) काढल्यावर ५३ झाली, तरी जास्तच. चारपैकी एकच अपस्ट्रीम चॅनेल लॉक होतो (जोडला जातो) आणि लॉगमध्ये टी-३ टाइमआउटची रांग, म्हणजे मॉडेमने पाठवलेल्या विनंतीला वेळेत उत्तर येत नाही. पाऊस लागला की आणखी वाईट.

लाईनमनला मराठीत सांगून झालं, कानडीतही सांगून झालं. उत्तर एकच: "डाऊनलोड येतंय न्हवं? मग लाईन बरोबर हाय."

वायर शेजारच्या गच्चीवरून येते, खांबावरच्या टॅपला (मुख्य लाईनमधून घरची वायर निघते तो डबा) मी हात लावू शकत नाही. गल्लीत फायबर अजून आलेलं नाही, त्यामुळे कनेक्शन बदला हा सल्ला सध्या नको.

आता नेमकं कुठून तपासायला लावू: गच्चीवरचे कनेक्टर, खांबावरचा टॅप, की ॲम्प्लिफायरचा रिटर्न पाथ (घराकडून केबलवाल्याकडे जाणाऱ्या सिग्नलची वाट)? आणि टॅपवरच मॉडेम लावून बघितला तर तिथे अपस्ट्रीम पॉवर किती दिसली म्हणजे दोष माझ्या वायरीत नाही असं धरायचं?