नुसत्या प्रती काढून भागत नाही
फाइलींच्या प्रती काढून ठेवल्या की जुनं लेखन टिकतं, असं म्हणतात, पण मराठीपुरतं ते अर्धंच खरं आहे. २००० च्या आसपास बरेच जण शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत लिहीत. त्या फाइलीत साठायची रोमन अक्षरं. देवनागरी दिसायची ती फाँटमुळे. फाँट नसला की सगळा मजकूर अगम्य!

माझे त्या काळातले लेख युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या आजच्या पद्धतीत, आणताना सगळ्यात छळलं ते पहिल्या वेलांटीने आणि रफाराने. जुन्या फाँटांत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलट. त्यामुळे एका चिन्हाजागी दुसरं घालून चालत नाही, क्रमही फिरवावा लागतो. म्हणून तो फाँट अजून चालतोय तोवर प्रत्येक लेखाची पीडीएफ काढून ठेवा. फाँट तिच्यातच साठवता येतो, रूपांतर केलेला मजकूर नंतर ताडून पाहता येतो.