खुनी आधीच माहीत असलेली थरारक पुस्तकं सुचवा

सीरियल किलरचा कंटाळा आलाय. 'खून कोणी केला' पेक्षा 'पकडला जाईल का' असं काही आहे? पुण्यात मिळणारं हवं.

– डेक्कनकर: केइगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' (2005). खून सुरुवातीलाच दिसतो. कोडं आहे ते शेजारी राहणाऱ्या गणितशिक्षकाने रचलेल्या बचावाचं. तारखांवर बारीक लक्ष ठेवा, सगळी मेख तिथेच. परीक्षणं अजिबात वाचू नका.

– पेठेतला: फॉर्सिथचं 'द डे ऑफ द जॅकल' (1971). फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायचा कट. ते जिवंत राहिले हा इतिहास, तरी धडधड थांबत नाही. कारण? मारेकऱ्याच्या कामाचा तपशील: मेलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट, खास बनवून घेतलेली बंदूक, फळावर नेमबाजीची चाचणी. सुरुवातीचं फ्रेंच राजकारण जड जातं, लोक तिथेच पुस्तक ठेवतात. तेवढं रेटा.

– डेक्कनकर: हो, आणि पोलीस तपास दुसऱ्या भागात सुरू होतो. खरी मजा तिथे.

– वाचनवेडी: मराठीत सुहास शिरवळकरांच्या 'दारा बुलंद' या नायकाच्या कादंबऱ्या घ्या. कोडं कमी, वेग जास्त. अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत घेताना शेवटची पानं मोजाच. नेमकी तीच गळलेली असतात!