शब्दशिडी: अक्षर बदललं म्हणजे नक्की काय बदललं?

वाईच्या_काकू
आमच्या सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी साडेसहाला मी शब्दशिडी टाकते. पहिला शब्द दिलेला, शेवटचा दिलेला. दर पायरीला एकच अक्षर बदलायचं आणि मधला प्रत्येक शब्द खराखुरा हवा. दुधाची पिशवी फोडायच्या आधी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे पेन्सिलीने मी स्वतः सोडवून बघते, मगच टाकते. एकदा ज्येष्ठ ते श्रेष्ठ टाकलं होतं. एकाच पायरीचं अंतर! थोरले दीर दिवसभर खूश.

परवा दिलं होतं 'सकाळ ते दुपार'. माझं उत्तर असं:

सकाळ – सकळ – सकट – सपाट – कपाट – कपार – दुपार

सहा पायऱ्या. पुतण्याने चार पायऱ्यांत आणलं:

सकाळ – सकार – अकार – अपार – दुपार

वर मलाच ऐकवतो, "काकू, सकटचं सपाट करताना तू 'क'चा 'प' केलास आणि कानाही दिलास. दोन बदल झाले. शिडी बाद." मी म्हटलं, अक्षर एकच बदललंय की! झालं, ग्रुपवर दोन तट पडले. रविवारच्या भेळेचा खर्च हरणाऱ्याकडे असतो, म्हणून विचारते: मात्रा वेगळी मोजायची का? आणि हा 'सकार' शब्द धरायचा का?

बिनसाखर
काकू, मी मोबाइलची अ‍ॅपं बनवतो. कॉम्प्युटरला विचाराल तर तो दोघांनाही हरवेल. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला लिपी कळावी म्हणून चिन्हांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत, काना हे वेगळं चिन्ह आहे. 'सकाळ' म्हणजे त्याच्या लेखी स, क, काना, ळ अशी चार चिन्हं आणि 'सकळ' म्हणजे तीन. शब्दांची लांबीच जुळत नाही, म्हणजे तुमची पहिलीच पायरी मोडली! म्हणून देवनागरी खेळात एका चौकटीत अख्खं अक्षर ठेवावं लागतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. (बघा, 'सकट' आलाच.) माझं मत तुमच्या बाजूने.

आता पुतण्याचं. सकारचा अकार करताना 'स'चा 'अ' झाला, तो एकवेळ सोडून देऊ. पण अपारचं दुपार? 'अ' गेला, 'द' आला आणि उकारही आला. स्वतःचाच नियम त्याने शेवटच्या पायरीवर मोडलाय. तुमच्या 'कपार – दुपार'लाही तीच गत होते म्हणा, पण नियम तुम्ही काढला नव्हता.

निवृत्त_मास्तर
या खेळाचा जनक लुईस कॅरल, खरं नाव चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डला गणित शिकवायचा. १८७७च्या नाताळात दोन मुलींना करमेना, म्हणून त्याने हे कोडं काढलं. १८७९ला 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकात ते 'डब्लेट्स' नावाने येऊ लागलं. त्याचं नमुन्याचं कोडं हेड ते टेल असं आहे: हेड, हील, टील, टेल, टॉल, टेल (head, heal, teal, tell, tall, tail). इंग्रजी स्पेलिंगमध्ये बिनचूक, पण आपल्या लिपीत लिहिलं की टेल दोनदा येतो आणि शिडी स्वतःवरच वळते. उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा हा तोटा.

त्याच्या नियमांत एक अट होती: मधले शब्द सभ्य समाजात वापरले जाणारे हवेत. म्हणजे आपल्या भाषेत, चारचौघांत बोलता येतील असे. मी छत्तीस वर्षं व्याकरण शिकवलं. अकार, सकार, मकार, म्हणजे अ, स, म या अक्षरांची नावं, वर्गात रोज तोंडी असायची. पण मंडईत कुणी 'सकार' म्हणालेलं ऐकलं नाही. 'सकट' शब्दयोगी अव्यय आहे, एकटं येत नाही, अशी हरकत कुणी घेईल. ती मी फेटाळतो. सालासकट केळं खाणारा माणूस सगळ्यांना माहीत आहे.

कोडेबाज_मिरज
मला न्यायनिवाड्यापेक्षा सोडवायच्या युक्तीत रस. काकू, तुम्ही वरून खाली उतरता का? मी शेवटच्या शब्दापासून सुरू करतो. दुपारला शेजारी, म्हणजे एकच अक्षर बदलून मिळणारे शब्द, किती? कपार आणि अपार. बस्स. आमच्याकडे गावात 'दोपार' म्हणतात, पण तिथून पुढे वाट नाही. म्हणजे दरवाजा अरुंद, शिडी त्यातूनच जाणार. मग सकाळकडून निघायचं आणि मधलं अक्षर 'पा' कुठे होतंय तेवढंच शोधायचं. सपाट सापडला की काम फत्ते.

पुतण्याच्या कडक नियमाने दुपारला शेजारी मला एकही सापडला नाही. कोडंच मरतं.

बिनसाखर
असे बिनशेजाऱ्याचे शब्द इंग्रजीतही आहेत. डोनल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञाने पाच अक्षरी ५७५७ इंग्रजी शब्द जमवून ताडले, त्यात ६७१ शब्दांना एकही शेजारी नाही. 'अलूफ', म्हणजे अलिप्त, हा शब्दही त्यातलाच.

वाईच्या_काकू
मिरजकर, मी वरूनच उतरते हो! म्हणूनच त्या दिवशी दूध उतू गेलं. सकटपाशी वीस मिनिटं अडकले होते.

मास्तरांचं पोस्ट ग्रुपवर टाकलं. पुतण्याने 'सकार' मागे घेतला, भेळ मान्य केली, पण जाता जाता म्हणाला, "मग उद्यापासून अख्खं अक्षर एक धरायचं ना? ठीक." आज सकाळी माझ्या आधी, सहा वाजताच, त्याने कोडं टाकलं: 'गजर ते मांजर'. थोरल्या दिरांनी लगेच लिहिलं, यात कोडं कसलं, एकच पायरी आहे. मी गजर – गाजर – मांजर असं रीतसर उतरून दाखवलं. आता नणंद विचारतेय, गाजरावर टिंब कुठून आलं?