मदत हवी आहे: कोल्हापुरात गुळाच्या जुन्या गोडाऊनमध्ये छोटा रंगमंच सुरू करायचाय

नमस्कार मंडळी,

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं आणि इथल्या हौशी कलाकारांची जागेसाठी फार ओढाताण झाली. पण काहींची अडचण त्याच्याही आधीची आहे. चौंडकं-तुणतुण्यावर यल्लम्माची गाणी म्हणणारे जोगते, हलगीवाली पोरं, कोल्हापुरी बोलीत रॅप करणाऱ्या कॉलेजच्या मुली. हॉलचं भाडं आणि अनामत आधी भरायची म्हटल्यावर ही मंडळी दारातूनच परत फिरतात.

शाहूपुरीत माझ्या मामांचं गोडाऊन रिकामं पडलंय. आता तिथं गुळाचे रवे येत नाहीत. सतरंजीवर शंभरेक माणसं बसतील. भाडं घ्यायचंच नाही, जमलेल्या गल्ल्यातला ठराविक हिस्सा जागेला आणि बाकी सगळा कलाकारांना, असं ठरवलंय. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनं १९७४ पासून प्रायोगिक नाटकं केली, तीही जागा नाटकासाठी बांधलेली नव्हती. म्हणून धीर केलाय.

अडलंय ते असं. छत पत्र्याचं आहे, जुलैत पाऊस लागला की शेजारी बसलेल्याचं बोलणं कळत नाही. एकानं आतून थर्माकोल लावा म्हणून सांगितलं, पण आगीची धास्ती आहे. दुसरं म्हणजे परवानग्या. आणि जोगत्यांचा कार्यक्रम ठरतोय हे कळताच गल्लीतल्या एकानं "असलं इथं नको" म्हणून ऐकवलं. तो कार्यक्रम मी रद्द करणार नाही, पण गल्लीशी भांडूनही जागा चालणार नाही. कुणी असं निभावलंय का?

– हलगीप्रेमी

प्रतिसाद:

थर्माकोल अजिबात नको, लगेच पेटतो आणि विषारी धूर होतो. रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) बसवा, ते जळत नाही आणि आवाजही शोषतं. त्याआधी वायरिंग नव्यानं करून घ्या. गोडाऊनचं मीटर स्टेजच्या दिव्यांचा भार घेणार नाही. शटर हा एकच रस्ता असेल तर मागच्या भिंतीत बाहेर उघडणारं दार पाडल्याशिवाय एकही प्रयोग करू नका.

नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं) प्रमाणपत्र लागतं. तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नाही. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. हलगी बंद खोलीतही ती सहज ओलांडते, तेव्हा तिचे कार्यक्रम संध्याकाळी लवकर ठेवा.

गल्लीबद्दल: पहिला प्रयोग शेजाऱ्यांना फुकट दाखवा आणि आमंत्रण द्यायला जोगत्यांनाच सोबत घेऊन घरोघरी जा. आमच्याकडे यानं बराच फरक पडला. मामांशी करारही लेखी करा, उद्या वारसांचा प्रश्न येतो.

छताचे आणि मीटरचे फोटो इथं टाका, बघून सांगतो.

– प्रकाशयोजक