वर्सोव्याहून रात्री समुद्रावर दिसणारे स्थिर दिवे कशाचे असावेत?

प्रश्न : सागरसंमुख

सप्रेम नमस्कार. आम्ही वर्सोव्याला समुद्रासमोरच्या इमारतीत विसाव्या मजल्यावर राहतो. हिवाळा सुरू झाल्यापासून काही रात्री पश्चिमेला क्षितिजाच्या थोडे वर तीन-चार पिवळसर-पांढरे दिवे टांगून ठेवल्यासारखे दिसतात. ते काही मिनिटे जागचे हलत नाहीत, मग एकेक करून नाहीसे होतात आणि त्यांच्या मागे नवे उगवतात. याशिवाय आकाशात ढग असले की दूरवर नारिंगी उजेड कमी-जास्त होत राहतो. आमच्या इमारतीत कोणी त्याला मुंबई हाय या समुद्रातल्या तेल-वायू क्षेत्रात जाळल्या जाणाऱ्या वायूच्या ज्वाला म्हणतात, तर कोणी परग्रहावरील यानांच्या चित्रफिती पाठवतात. माझी नववीतली मुलगी यांपैकी कोणतेच उत्तर मानायला तयार नाही; तिला पटेल असे सकारण उत्तर कोणी देऊ शकेल का?

उत्तर : तारांगण_दादर

आपल्या मुलीचे मनापासून कौतुक वाटते. वर टांगलेले दिवे हे उतरणाऱ्या विमानांचे असावेत, असे माझे मत आहे. मुंबईत विमाने बहुतेक वेळा पूर्वेकडून येऊन उतरतात. परंतु वारा पूर्वेकडून असेल तेव्हा ती समुद्रावरून, जुहूच्या दिशेने धावपट्टीकडे येतात.

ती स्थिर का भासतात, हे समजून घेण्यासारखे आहे. विमान साधारण ३ अंशांच्या उतरणीने खाली येते, म्हणजे धावपट्टीपासून २० किलोमीटरवर ते सुमारे १,०५० मीटर उंच असते आणि १० किलोमीटरवर सुमारे ५२५ मीटर. अंतर आणि उंची एकाच प्रमाणात घटत असल्यामुळे वर्सोव्यासारख्या जवळच्या ठिकाणाहून पाहणाऱ्याला ते दोन्ही वेळी क्षितिजापासून तीन-चार अंशांवरच, हात पूर्ण लांब करून धरलेल्या दोन बोटांच्या रुंदीइतके वर दिसते. त्याचे प्रखर दिवे समोर रोखलेले असल्याने लाल-हिरवे दिवे त्या झगमगाटात हरवतात. जवळ येताच ते डावीकडे जुहूच्या बाजूला सरकते, झोत आपल्यावरून निघून जातो आणि दिवा ‘विझतो’. तोवर मागचे विमान रांगेत आलेले असते.

विमानांची ठिकाणे दाखवणारे फ्लाइटरडार२४ हे ॲप उघडून दिवा आणि विमान यांची सांगड घालून पाहावी. दिवा एकटा असेल आणि तास-दोन तासांत हळूहळू मावळत असेल, तर तो शुक्र असण्याची शक्यता अधिक. स्टारलिंक या इंटरनेट सेवेच्या उपग्रहांची माळ मात्र इथे जुळत नाही, कारण ती काही मिनिटांत आकाश ओलांडून जाते, एका जागी थांबत नाही.

उत्तर : वेसावकर

वर विमानांविषयी लिहिले आहे ते योग्यच आहे, पण क्षितिजाच्या रेषेवर किंवा तिच्या अलीकडे, पाण्यावर दिसणारे दिवे आमच्या होड्यांचे असतात. ट्रॉलिंग, म्हणजे पाण्यातून जाळे ओढत मासेमारी करणाऱ्या बोटीने पांढऱ्या दिव्याच्या वर हिरवा दिवा लावायचा असतो आणि इतर प्रकारे मासेमारी करणाऱ्या बोटीने पांढऱ्याच्या वर लाल. पाण्यालगत एकटाच लुकलुकणारा दिवा दिसला, तर तो बहुधा जाळ्याच्या टोकाला बांधलेल्या बोयावरचा, म्हणजे तरंगत्या खुणेवरचा असतो. जवळपास होडी दिसत नसल्याने नवख्या माणसाला त्याचे गूढ वाटते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्या काळात हे दिवे जवळजवळ नाहीसे होतात.

पाण्यावर पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा झोत दिसला, तर तो एलईडी मासेमारीचा असू शकतो. केंद्र सरकारने २०१७ साली तिच्यावर बंदी घातली आहे. त्या उजेडाकडे लहान-मोठी सगळी मासळी ओढली जाते आणि लहान होडीवाल्यांच्या जाळ्यात काही उरत नाही. म्हणून असा झोत दिसल्यास मत्स्यव्यवसाय विभागाला जरूर कळवावे, ही कळकळीची विनंती.

सागरसंमुख

दोघांचेही आभार. काल मुलीने ॲपवर पाहिले. चार दिव्यांपैकी तीन विमानांशी जुळले, आणि चौथा शुक्र निघाला. नारिंगी उजेडाची दिशा तिने होकायंत्रावर मोजली, ती जवळजवळ नैर्ऋत्य आहे. मग तो मुंबई हायचा म्हणावा का?

उत्तर : क्षितिजरेषा

दिशा मोजली हे फार चांगले झाले, कारण तिच्यामुळेच मुंबई हायचा पर्याय बाद होतो. ते क्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, पश्चिमेला किंचित उत्तरेकडे आहे. नैर्ऋत्येला आहे ते हीरा हे दुसरे तेल-वायू क्षेत्र, मुंबईपासून सुमारे ७० किलोमीटरवर. वर्सोवा उत्तरेकडे असल्याने आपल्याकडून त्याहूनही थोडे अधिक.

आता ज्वाला थेट दिसेल का, ते पाहू. डोळ्यांच्या उंचीच्या (मीटरमधील) वर्गमुळाला ३.८६ ने गुणले की क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर मिळते. हवेतून प्रकाश किंचित वाकतो, तोही यात धरलेला आहे. विसावा मजला ६० मीटर मानला तर सुमारे ३० किलोमीटर. ज्वालेचे टोक अगदी १०० मीटर उंच धरले तरी तिच्या बाजूने सुमारे ३९ किलोमीटर. बेरीज ६९, म्हणजे ज्वाला क्षितिजाआडच राहते. एक किलोमीटर उंचीचा ढग मात्र याच हिशेबाने दीडशे किलोमीटरवरूनही दिसू शकतो. आपल्याला उजेड केवळ ढगाळ रात्रीच दिसतो, त्याचे कारण हेच असावे : ज्वाला खाली जळते आणि आपण ढगाच्या तळावर पडलेला तिचा प्रकाश पाहतो. वायूचा प्रवाह आणि वारा बदलला की ज्वाला लहान-मोठी होते, त्याप्रमाणे तो उजेडही बदलतो.

मुलीला एक पडताळा सुचवावासा वाटतो. एखाद्या ढगाळ रात्री वरून उजेड दिसत असतानाच तिने कोणाला तरी सोबत घेऊन किनाऱ्यावर उतरावे आणि त्याच दिशेला पाहावे. वाळूवर उभे राहिल्यावर क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर येते. तरीही उजेड टिकून राहिला, तर तो ढगावरचाच आहे. खाली उतरताच तो नाहीसा झाला, तर मात्र तो हीराचा नसून एखाद्या जवळच्या जहाजाचा मानावा लागेल, आणि मग जहाजांची ठिकाणे दाखवणारे मरीनट्रॅफिकसारखे संकेतस्थळ उघडून शोध पुढे न्यावा.