वीस रुपयांचा विमा आणि कुट्टीतली बोटं

कोरडवाहू:
"वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो, तोही न काढणाऱ्याने सरकारपुढे रडू नये," असं या धाग्यावर 'बागायतदार' यांनी काल लिहिलं. त्या २० रुपयांत काय येतं ते वाचलंत का? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत मृत्यूला २ लाख. दोन्ही हात, पाय किंवा डोळे गेले तर २ लाख. एक गेला तर १ लाख. कुट्टीच्या, म्हणजे चारा कापायच्या यंत्राच्या, रोलरमध्ये चार बोटं गेली तर? हात 'पूर्ण निकामी' नाही म्हणून शून्य. दवाखान्याचं बिल, बुडालेला हंगाम, तेही शून्य. वर मेअखेर खात्यातून २० रुपये कापले गेले नाहीत की १ जूनपासून विमाच नाही. मेअखेर बियाण्यापायी खातं कोरडंच असतं, साहेब.

बागायतदार:
मग राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे की. तिला हप्ताच नाही. २०२३ पासून सरकारने मधली विमा कंपनी काढून टाकली, आता थेट सानुग्रह अनुदान मिळतं. वय १० ते ७५, सातबाऱ्यावरचा खातेदार आणि घरातला आणखी एक जण. ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे प्रस्ताव द्यायचा. एवढंही होत नाही?

सातबारा_नाही:
होतं, सातबारा असेल तर. फवारणी करतो तो मजूर, त्याचं नाव कुठल्या उताऱ्यावर? २०१७ ला यवतमाळात विषबाधेने माणसं गेली त्यांत किती मजूर होते ते आठवा. आणि विषबाधेत व्हिसेराचा, म्हणजे मृताच्या अवयवांच्या तपासणीचा, अहवाल येईपर्यंत फाईल हलत नाही. ट्रॅक्टर उलटला, चालवणाऱ्याकडे लायसन नव्हतं, तर फाईल तिथेच बंद.

वायरमन:
विम्याचं राहू द्या, आधी मोटारीचे 'ऑटो' काढा. लाईट गेली म्हणून माणूस विहिरीत उतरतो, पाइपच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह धरतो, लाईट येते आणि ऑटो मोटार सुरू करतो. केबलचा जॉइंट ओला असला तर पाण्यात करंट. नुसता स्टार्टर बंद करून उतरू नका. मेन स्विच पाडा, तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढा आणि खिशात घाला. पेटीवर ठेवले तर दुसरा कोणी लावतो. शिवाय सगळ्यांच्या ऑटोमुळे मोटारी एकदम उठतात आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते ती वेगळीच.

बागायतदार:
रात्री दोनला लाईट येणार आणि ऑटो काढा म्हणे! अंधारात साप-बिबट्यातून बटण दाबायला तुम्ही जाणार का? दिवसा लाईट द्या, ऑटो आपोआप निघतील.

वायरमन:
बरं, ठेवा. पण ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, तरी बायपास करू नका. सारखा पडतो म्हणून तार टाकतात. अहो, तो पडतो कारण कुठेतरी करंट गळतोय! जॉइंट नवा करा. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात पाणी सोडा. कोरडी अर्थिंग नसल्यातच जमा.

कोरडवाहू:
धागा विम्याचा होता.

सातबारा_नाही:
विम्याचाच आहे; बोटं वाचली तर विमा लागणारच नाही. कुट्टीचा चारा सारायचा ट्रे ९० सेंमी लांब आणि रोलरकडचा ४५ सेंमी वरून झाकलेला असला, तर पंजा रोलरपर्यंत पोचत नाही. शेवटची आखूड पेंढी हाताने ढकलायची नाही, पुढच्या पेंढीने रेटायची. रिव्हर्सचा दांडा जाम नाही ना, ते चारा घालण्याआधी बघायचं. पण मालक झाकण काढून ठेवतो. काम हळू होतं म्हणे.

पीटीओ_५४०:
ट्रॅक्टरच्या पीटीओचं, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचं, प्लास्टिक कव्हरही तसंच काढून टाकतात. ५४० फेरे मिनिटाला, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा किंवा पदर अडकला तर क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. झाकण काढणाऱ्या मालकांना मजुराचा विमा स्वतःच्या खिशातून भरायला लावा, मग बघा कव्हरं कशी परत येतात.

बागायतदार:
लावा! आणि मजुरी वाढली की पुन्हा शेतकऱ्याच्याच नावाने बोंबला. बरं, बोटांचं मला ठाऊक नव्हतं; ती 'रडू नये'ची ओळ मागे. ऑटोबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही.

वायरमन:
नका घेऊ. किटकॅट तेवढे खिशात ठेवा.